पान सत्तेचाळीस

हस्त लागला की आमच्या केडगावात दुपारी तीन वाजताच दिवा लावावासा वाटतो. सकाळ लख्ख असते, गच्चीवर टाकलेले उडीद तासाभरात खडखडीत वाळतात, आणि जेवण उरकून जरा पाठ टेकावी तर घोडेगावच्या बाजूने आभाळ काळं व्हायला लागतं. वारा पडतो. कावळे, कुत्री, समोरच्या बांधकामावरची ठोकाठोक, सगळं एकदम गप्प. जूनमधल्या पावसाची वाट बघणारे हजार असतात. हा परतीचा मात्र निघता निघता भांडण उकरून काढणाऱ्या पाहुण्यासारखा. बाजरी कापून शेतात पडलेली असते, आणि हा नेमका तेव्हाच येतो. येईलच असंही नाही. कधी नुसता तासभर गुरगुरतो आणि एक थेंब न टाकता निघून जातो. मला त्या दिवसांचीच जास्त भीती वाटते.

भीती हा शब्द मी उगाच वापरत नाही. मी पोस्टात सगळी नोकरी काढली आहे. तारांचे दिवस होते तेव्हा लोकांच्या वाईट बातम्या त्यांच्या आधी वाचल्या आणि तरी चहा वेळेवर प्यायले. केडगाव ज्याला चिकटलंय त्या शहराचं नाव बदललं, शिक्का बदलला. माझ्या तोंडी अजून नगरच येतं, आणि ते कुणी सुधारलं तर मी त्याच्याकडे फक्त बघते. असं माझं एकूण आहे. पण यंदाचा हस्त माझ्या घरात शिरला तो पुस्तकांच्या पिशवीतून, आणि ती पिशवी मी स्वतःच दार उघडून आत घेतली.

पिशवी आणली बाबुरावांनी. बाबुराव म्हणजे आमच्या वाचनालयाचे सर्व काही. झाडणारे तेच, पुस्तक देणारे तेच, उशीर झाला की दारात येऊन खाकरणारेही तेच. सकाळी दोन गाईंचं दूध घालून मग वाचनालयाचं कुलूप काढतात. घोडेगावचा जनावरांचा बाजार असला की त्या दिवशी वाचनालय उशिरा उघडतं, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. वाचनालय वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. यंदा ते पत्रे गळायला लागले.

"ताई, ही सात ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," बाबुराव दारातूनच म्हणाले. "पत्रं लई गळत्यात. प्रत्येक मेंबराच्या घरी थोडी थोडी ठेवतोय. भिजण्यापरास तुमच्या घरात बरी."

"थांबा, पान बघते," मी म्हटलं.

"बगायचं काय त्यात? तुमी वाचल्याली न्हाईत ही. मी बगितलंय."

पान बघणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. वर्षानुवर्षं वाचनालयातून पुस्तकं नेणाऱ्या माणसांना एक खोड असते. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर, कडेला, पेन्सिलीने बारीकशी खूण करून ठेवायची. पुढच्या वेळी पुस्तक उचललं की आधी ते पान उघडायचं. खूण असली की ठेवून द्यायचं, वाचलेलं आहे. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. कुणी पानाच्या आकड्याखाली रेघ ओढतं, कुणी शेवटच्या पानावर फूल काढतं. आमच्या घरचं पान सत्तेचाळीस. ते ठरवलं अण्णांनी, माझ्या वडिलांनी. "स्वातंत्र्याचं साल," म्हणायचे, "हे काही आपण विसरणार नाही."

अण्णा मोजणी खात्यात होते. सगळा जिल्हा त्यांनी साखळी टाकून पायी मोजला होता. त्यांची खूण म्हणजे छोटा त्रिकोण आणि मधे ठिपका, नकाशावर हद्दीच्या दगडाला ते काढत असत तसाच. माझी खूण गोल आणि त्यातून आडवी रेघ, पोस्टाच्या शिक्क्यासारखी. ती रेघ मी जरा उजवीकडे लांबवते. मुद्दाम नाही, हात तसाच जातो.

तर यंदा पान न बघता मी सात पुस्तकं घरात घेतली. घरात मी एकटीच, टीव्हीचं मला वावडं, आणि दुपार अशी काळवंडलेली. वाचण्यावाचून दुसरं काय करणार होते!

पहिलं उचललं ते रहस्यकथेचं. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरचा खून होतो आणि पाच जणांवर संशय येतो. लेखकाने फार हात राखून लिहिलं आहे, पण माझ्यापुढे त्याची मात्रा चालली नाही. खुनी तो गरीब, वाकून बोलणारा कंपाउंडर, हे मला तिसाव्या पानावर कळलं. कसं कळलं म्हणाल तर सांगता येणार नाही. त्याने पहिल्यांदा "या, बसा" म्हटलं आणि मला आतून खात्रीच पटली. शेवटी तोच निघाला. रविवारी मृणालचा पुण्याहून फोन येतो, तेव्हा मी तिला फुशारकीने सांगितलं, "पोस्टातली नजर आहे गं, पाकिटावरून आतलं ओळखते." मृणाल माझी मुलगी, नेहमी तोंडाला तोंड देणारी. ती नुसतं "हं" म्हणाली. मला वाटलं, कामात असेल.

दुसरं, नदीकाठाने चालत गेलेल्या एका माणसाचं प्रवासवर्णन. उगमापासून निघतो, गावागावात मुक्काम करतो, भाकरी कुठे कशी मिळाली ते अगदी रुचीने लिहितो. मधेच एका प्रकरणात नदी नाहीशी होते. नुसती वाळू. तो तीन दिवस वाळूतून चालतो आणि भेटेल त्याला विचारतो, नदी कुठे गेली. लोक म्हणतात, इथेच तर आहे. मला ते प्रकरण आवडलं नाही. वाईट लिहिलंय म्हणून नव्हे. वाचताना बाहेर गडगडत होतं आणि त्या कोरड्या वाळूतून मला लवकर बाहेर पडायचं होतं. पुस्तक मिटून मी दूध तापवायला गेले, तर दूध आधीच तापवून झाकून ठेवलेलं. म्हटलं, बरं झालं, एक काम कमी.

मसाल्यांच्या पुस्तकाबद्दल काय सांगू? काळ्या मसाल्यात खोबरं किती भाजायचं यावर त्या बाईंनी सव्वा पान लिहिलंय आणि सव्वा पान चुकीचं लिहिलंय. मी कडेला पेन्सिलीने "नाही" असं लिहिणार होते, मग आवरलं. पाण्यावरचं एक होतं. विहिरी, पाझर, माती. लेखक अभ्यासू, आणि तरी रागावलेला, त्यामुळे वाचावंसं वाटतं. जमिनीच्या पोटातलं पाणी कमी होत असताना वरून काहीच दिसत नाही, पीक हिरवं असतं, मोटार चालू असते, आणि मग एके दिवशी नळीतून हवा येते, असं त्यात आहे. हिवरे बाजारला आमच्या पोस्टाची सहल गेली होती तेव्हा तिथल्या एका शेतकऱ्याने हेच सांगितलं होतं. "रोज इहिरीत वाकून बगावं लागतं, बाई. वरून काय कळत न्हाई." आम्ही तेव्हा फोटो काढण्यात दंग होतो.

भूतकथांनी मला हसू येतं. पांढऱ्या साड्या, उलटी पावलं, सगळा मालमसाला. त्यातली एकच कथा अंगावर आली. एक म्हातारा रोज संध्याकाळी एका दाराशी येऊन पत्ता विचारतो आणि लोक त्याला सांगतात. बस्स, एवढंच. पुढे काहीच होत नाही. पत्ता त्याच घराचा असतो.

ती वाचली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि खोलीत पिवळट काळोख होता. पलीकडच्या शिवारात वीज पडली. खिडकीची तावदानं थरथरली. आणि मला अण्णांचा तो हस्त आठवला.

सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे गेल्यानंतर मी अण्णांना माझ्याकडे आणलं होतं. ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. गॅलरीत खुर्ची टाकून दिवसाला शंभर पानं वाचायचे. त्या वर्षी दुपारी असंच आभाळ भरून यायचं आणि अण्णा चष्मा पुसत म्हणायचे, "साखळ्या गुंडाळा रे." पूर्वीच्या माणसांना उद्देशून. मी हसायचे.

एक दिवस त्यांनी हाक मारली. मांडीवर किल्ल्याच्या वेढ्याची एक जाडजूड कादंबरी, सत्तेचाळीसावं पान उघडं. कडेला त्रिकोण होते. एकाखाली एक, तीन.

"माझी खूण कुणीतरी वापरतंय," अण्णा म्हणाले.

"तुमचीच असेल, अण्णा."

"मी हे पुस्तक वाचलेलं नाही, नंदा. वाचलं असतं तर मला कळलं नसतं?"

आणि ते चपला घालून भर उन्हात वाचनालयात गेले. मी मागे धावले. बाबुराव तेव्हा खिडकीत बसून चिवडा खात होते. अण्णांनी त्यांना चारचौघांत चोर म्हटलं. आयुष्यात कुणाला अरे-तुरे न करणारा माणूस! बाबुरावांचा हात तसाच राहिला.

"न्हाई ओ अण्णा, मी कशाला चोरू तुमची खून? मला तिरकोन बी सरळ येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले, बाबुरावांची माफी मागितली आणि पर्समधून खोडरबर काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, अण्णांना पुस्तक देण्याआधी सत्तेचाळीसावं पान पुसून ठेवत जा. त्यांना त्रास नको. बाबुरावांनी रबर खिशात टाकलं. घरी आलेल्या पुस्तकांचं मी बघायचे, तिथे असलेल्यांचं ते. दोघांनी मिळून एका माणसाचं वाचलेलं सगळं पुसून काढलं.

आणि अण्णा खूष होते, हेही खरं. वेढ्याची ती कादंबरी त्यांनी पुन्हा वाचली. "नंदा, किल्ला पडतो की काय गं!" म्हणून स्वयंपाकघरात यायचे. मी कणीक मळता मळता म्हणायचे, "बघू या आता." मला वाटायचं, किती शहाणपणाचं केलं आपण.

मग एक दुपार. असंच गच्च, वारा पडलेला. अण्णा त्याच पानावर बोट फिरवत बसले होते, डोळे मिटून, आंधळा माणूस वाचतो तसे.

"इथे दगड होता," ते म्हणाले.

मी हातातली परात खाली ठेवली.

"कुणीतरी हलवलाय. जागा लागते हाताला." मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं अगदी जागं होतं, पूर्वीच्या अण्णांचं. "हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे, नंदा. त्याने जमीन वाढत नाही. आपली कुठवर आहे ते कळेनासं होतं, एवढंच."

टपोरे थेंब पडायला लागले. मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर पळाले. परत आले तेव्हा ते पुस्तकात डोकं घालून बसले होते आणि तो विषय परत कधी निघाला नाही. पुढच्या हस्ताला ते नव्हते. मी त्यांना उत्तर दिलं नाही, ते नाहीच दिलं.

यंदा सातवं पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्याआधीचं कवितांचं, चाळीसच पानांचं चोपडं, एका दमात झालं. त्यातल्या दोन कविता चांगल्या आणि बाकीच्या शेजाऱ्यांनी छान म्हटलेल्या असाव्यात. सातवं मात्र एका परिचारिकेचं आत्मकथन. काय पुस्तक आहे! बाईंनी उभी हयात आडगावच्या सरकारी दवाखान्यात काढली. कामाची पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला औषधांची माहिती देतात, तशी ही बाई प्रत्येक रोग्याची एक आवड सांगून जायची. एक नंबरला खिडकी उघडी लागते. पाच नंबरला भजन म्हटलेलं चालत नाही. मी ते वाचून ढसाढसा रडले. एवढ्या वर्षांत कुठल्याही पुस्तकाने मला असं रडवलं नव्हतं. रविवारपर्यंत थांबवेना. मीच मृणालला फोन लावला, ती ऑफिसात असताना.

"अगं, काय लिहिलंय म्हणून सांगू! ती जाताना सांगते, एक नंबरला खिडकी उघडी लागते, तीन नंबरला..."

"चहात आलं लागतं," मृणाल म्हणाली.

"तू वाचलंयस?"

पलीकडे तिने कुणाला तरी 'दोन मिनिटं' म्हटलं. मग म्हणाली, "आई, मी या शनिवारी येतेय. सहजच."

हस्त संपत आला तेव्हा, मृणालचा शनिवार यायच्या आधीच, पत्रे बदलून झाल्याचा बाबुरावांचा निरोप आला. पुस्तकं परत द्यायची म्हणून मी पेन्सिलीला टोक केलं आणि सातही घेऊन टेबलाशी बसले. खुणा करून टाकाव्यात. सकाळचे अकरा, स्वच्छ ऊन.

रहस्यकथा उघडली. सत्तेचाळीसाव्या पानाच्या कडेला गोल होता. मधून आडवी रेघ.

कुणीतरी माझी खूण वापरतंय, असं मी मोठ्याने म्हटलं. हसतच म्हटलं. आणि ते वाक्य माझ्याच कानावर पडलं तेव्हा मी पान जवळ धरलं. रेघ उजवीकडे लांबलेली होती.

मी स्वतःला समजावलं. रहस्यकथा काय, शेकड्याने वाचल्या, एखादी विसरणारच. बरं, आता तो कंपाउंडर मला तिसाव्या पानावर कसा कळला, तेही कळलं. यात घाबरण्यासारखं काय आहे? नदीचं पुस्तक उघडलं, पान स्वच्छ. खूण केली. मसाल्यांचं, पाण्याचं, भुतांचं, तिन्ही स्वच्छ. कवितांच्या शेवटच्या पानावरही काही नव्हतं. सगळीकडे खुणा करत गेले, भराभर, तपासायला कुणी मागे उभं असल्यासारखी. शेवटी परिचारिकेचं. पान स्वच्छ. मी पेन्सिल टेकवली आणि ती नीट उमटेना. कागदाला लव आली होती.

मग मी बोट फिरवलं. जागा लागली.

पुस्तक खिडकीशी नेऊन उन्हात तिरकं धरलं. गोल दिसला, नुसता दाबलेला, शिसं नसलेला. त्याच्या खाली आणखी एक. दोन्हींच्या रेघा उजवीकडे गेलेल्या. बाकीची पुस्तकं मी परत उन्हात धरून बघितली नाहीत. मला ते जमलं नाही.

तशीच पिशवी उचलून वाचनालयात गेले. नवे पत्रे चकचकत होते. बाबुराव खुर्चीवर उभे राहून वरच्या फळ्या पुसत होते. मी रहस्यकथा त्यांच्यापुढे उघडून धरली. त्यांनी पान बघितलं, मग मला बघितलं आणि हळूच खाली उतरले.

"ह्ये एक ऱ्हायलं व्हय," ते म्हणाले. "त्या दिशी पाऊस आला. घाईघाईत पिशवी भरली."

"कधीपासून करताय?"

"झालं की आता वरीस. तुमी परत परत तीच न्यायला लागला." फडकं हातात पिळत राहिले. "तुमीच सांगितल्यालं ना ताई, अण्णांच्या टायमाला. तरास नको म्हून."

खिशातून त्यांनी रबर काढून दाखवलं. झिजून हरभऱ्याएवढं झालेलं. तेच होतं की दुसरं, मी विचारलं नाही. मला राग यायला हवा होता. माझा स्वभाव बघता यायलाच हवा होता. पण मला फक्त अण्णांचं ते जागं बघणं आठवत होतं, आणि मी त्या दिवशी कपडे काढायला पळाले ते.

टेबलावर शाईचं पेन होतं, बाबुराव नोंदी करतात ते. मी परिचारिकेचं पुस्तक उघडलं आणि सत्तेचाळीसाव्या पानावर, त्या लव आलेल्या जागीच, शाईने तीन गोल काढले. एकाखाली एक. शाई कागदात थोडी पसरली.

"आता हे खोडायचं नाही," मी म्हटलं. "मी परत मागायला आले तर द्यायचं. पण सांगून द्यायचं. ताई, हे तुम्ही वाचलंय, इतक्यांदा वाचलंय."

बाबुरावांनी मान हलवली, पण चेहरा मान्य नसल्यासारखा. खिडकीबाहेर घोडेगावच्या बाजूला एवढ्यातच काळं दिसायला लागलं होतं. हस्त संपला तरी चित्रा आहेच मागे.

"आन् तुमी भांडाया लागला तर?" त्यांनी विचारलं. "मला चोर म्हनला तर?"

"म्हणेन," मी म्हटलं. "अण्णांचीच लेक आहे. तरी सांगा."